अजिंठ्याचे रोगण



व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे लढाया, तह आणि राजेरजवाडे ऐकावयास मिळतील अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती दिसू नये म्हणूनच मुद्दाम तशी केलेली असते. जुने चित्र, मूर्ती, तोफ किंवा कागद टिकावा म्हणून त्यावर जो पारदर्शक लेप चढवितात, त्या लेपाविषयी मी बोलणार आहे. कोणी त्याला रोगण म्हणतात, कोणी व्हार्निश म्हणतात, सुतारकामातील मंडळी पॉलिश म्हणतात. वस्तू तशीच दिसावी पण तिला हवा, पाणी, धूळ आणि माणसाचा हात लागू नये, ही त्यामागील इच्छा. इच्छा चांगली आहे यात शंका नाही. परंतु चांगल्या इच्छेने केलेल्या कामाचे फळ शंभर वर्षांनी काय निघते, हे पाहावयाचे असेल तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील अजिंठ्याइतके उत्तम उदाहरण दुसरे सापडणार नाही.

मी पुराणवस्तूंचा पंडित नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या कृपेने झाले. तरीही ह्या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, याचे कारण असे की, लेप ही शेवटी हाताने करावयाची गोष्ट आहे. ज्याच्या हातात बोळा असतो त्याला तिच्यातले जे कळते, ते कधीकधी हुकूम सोडणाऱ्याला कळत नाही.

प्रथम लाकडावर पॉलिश मारणाऱ्या कारागिराचे ज्ञान काय ते पाहू. त्याचा मुख्य माल म्हणजे चपडी लाख. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात आणि आपल्या अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून, त्याचे पातळ पापुद्रे केले की चपडी झाली. ती स्पिरिटमध्ये विरघळते. बोळ्याने लाकडावर फिरविली की स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पातळ थर मागे राहतो. आता पॉलिशवाला ह्या लाखेबद्दल चार गोष्टी अनुभवाने जाणतो. पहिली, तिचा रंग पाण्यासारखा नसून नारिंगी-पिवळा असतो, आणि हातावर हात चढत गेले की तो गडद होतो. दुसरी, पावसाळी हवेत पॉलिश मारले तर ते पांढुरके पडते, कारण हवेतला ओलावा थरात अडकतो. तिसरी, गरम चहाचा पेला टेबलावर ठेवला की त्याचा गोल डाग उठतो, म्हणजे उष्णता तिला सोसत नाही. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फार दिवस पडून राहिलेली चपडी स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही, तिचा चिकट गोळा होतो. म्हणून जाणता कारागीर दुकानात ताजी चपडी मागून घेतो. ह्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्या, कारण अजिंठ्याच्या भिंतीवर पुढे ह्याच चारही गोष्टी घडल्या.

लेपाची कल्पना आपल्याकडे परकीयांनी आणली असे मात्र कोणी समजू नये. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कच्ची टेंभुर्णीची व कवठाची फळे, सावरीची फुले, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड ही पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवावयाची, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेलफळ इत्यादी घालून खलावयाचे आणि तो लेप गरम असताना वाडे, भिंती, विहिरी, लिंगे व मूर्ती यांवर द्यावयाचा, असे तो सांगतो. दुसऱ्या एका कृतीत लाखही आहे. हा लेप किती टिकेल? वराहमिहिराचे आश्वासन एक कोटी वर्षांचे आहे! आजचा रंगाच्या डब्यावरील जाहिरात लिहिणारासुद्धा इतके धाडस करीत नाही. ह्या अतिशयोक्तीला हसणे सोपे आहे. परंतु त्या आश्वासनामागील मनोवृत्ती आजही तशीच जिवंत आहे. एकदा लेप दिला की काम संपले, मग पुन्हा त्या वस्तूकडे पाहावयास नको, ही ती मनोवृत्ती होय.

आता अजिंठ्याकडे वळू. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर तीस लेणी आहेत. त्यांतील नवव्या व दहाव्या लेण्यांतील सर्वांत जुनी चित्रे इसवी सनापूर्वीची असून, पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांतील प्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेणाच्या सुमाराची आहेत. ही चित्रे कशावर काढली आहेत हे समजले नाही तर पुढील सारी कथा समजणार नाही. बेसाल्टचा कातळ छिन्नीने खडबडीत ठेवून त्यावर मातीचा गिलावा दिलेला आहे. मातीत भाताचा कोंडा, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर चुन्याचा अगदी पातळ हात आणि तो वाळल्यावर वर रंग. काव, पिवळी माती, हिरवी माती, पांढरी माती, दिव्याची काजळी आणि अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला निळा लाजवर्दी दगड, हे ते रंग. रंग धरून ठेवण्यासाठी डिंक किंवा सरस वापरलेला आहे.

इटलीतील भित्तिचित्रांची रीत याहून वेगळी. तेथे ओल्या चुन्यावर रंग देतात, चुना वाळताना रंग त्यात बांधला जातो आणि चित्र जणू दगडाचेच होते. आपल्याकडील चित्र तसे नाही. ते मातीवर सरसाने चिकटविलेले आहे. पाण्याने सरस सुटतो, दमट हवेने माती फुगते व पुन्हा आकसते, कोंडा आणि तंतू खाण्यासाठी कसर लागते, वटवाघळांच्या मलमूत्राचे डाग पडतात. पावसाळ्यात कातळातून पाणी झिरपते ते वेगळेच. म्हणजे भिंतीला होणारा रोग समोरून जितका येतो, तितकाच पाठीमागूनही येतो. समोरच्या बाजूस कितीही उत्तम लेप दिला तरी पाठीमागून येणारे पाणी त्याने थांबत नाही. उलट, ते बाहेर पडण्याची वाट मात्र बंद होते.

१८१९ साली मद्रास फौजेतील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला आणि बाहेरच्या जगाला अजिंठा कळला. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली, ती अद्याप दिसते. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल ह्या लष्करी चित्रकाराला चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले. १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे तो त्या दरीत काम करीत राहिला. त्याच्या मोठमोठ्या नकला लंडनला गेल्या, आणि १८६६ साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच. हंगामामागून हंगाम हे तरुण लेण्यांत राहिले आणि १८८५ पर्यंत शेकडो नकला तयार झाल्या. त्यांतील शंभराहून अधिक नकला त्याच वर्षी लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या आगीत भस्म झाल्या.

काळवंडलेल्या भिंतीवरील रेषा नकलाकाराला स्पष्ट दिसाव्यात म्हणून ह्या काळात चित्रांवर व्हार्निश लावण्याचा प्रकार झाला. ज्याने धुळीने माखलेल्या पाटीवर ओला हात फिरविला आहे, त्याला ही युक्ती ठाऊक आहे. ओल्या पृष्ठभागावर रंग खुलतो, खोल दिसतो. व्हार्निश ते ओलेपण कायम ठेवते. त्या क्षणापुरते चित्र उजळले. परंतु ज्या नकलांसाठी ते उजळले, त्या नकला सातासमुद्रापलीकडे जळून गेल्या आणि व्हार्निश मात्र भिंतीवर राहिले.

त्या वेळी अजिंठा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१४ साली संस्थानाने आपले पुराणवस्तू खाते उघडले व गुलाम याझदानी हे त्याचे प्रमुख झाले. याझदानी विद्वान गृहस्थ होते. त्यांनी संपादिलेले अजिंठ्याचे ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाले. चित्रांचे पापुद्रे सुटून खाली पडत आहेत हे पाहून संस्थानाने १९२० साली इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी ह्या दोन तज्ज्ञांना बोलाविले. दोन हिवाळे त्यांनी काम केले. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा कातळाला चिकटविला, फुटक्या कडा बांधून घेतल्या, पोकळ जागा भरल्या. आज आपण उभे राहून जी चित्रे पाहतो, त्यांतील कित्येक त्या कामामुळे भिंतीवर राहिली आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या काळी त्या विद्येत जे उत्तम समजले जात होते, ते त्यांनी केले.

परंतु गिलावा बसविल्यानंतर रंग पक्के राहावेत म्हणून त्यांनी वर जो थर दिला, तो मद्यार्कात विरघळविलेल्या लाखेचा होता. आपल्याच अरण्यातील, आपल्या ओळखीची ही लाख. इटलीहून तज्ज्ञ आले आणि आपल्या सुताराच्या पिशवीतील माल भिंतीवर चढला. मघाशी सांगितलेल्या चार गोष्टी आता आठवा. लाखेचा रंग पिवळा. तो वर्षे जातील तसा तपकिरी होत गेला. निळ्या रंगावर पिवळी काच धरली तर तो हिरवट दिसतो, पांढऱ्यावर धरली तर मळकट दिसतो. म्हणजे अजिंठ्याचे रंग म्हणून जे लोक पाहत होते त्यांत थोडे अजिंठ्याचे होते आणि थोडे लाखेचे. दुसरे, ओलावा. भिंतीतून येणारा दमटपणा थराच्या मागे अडकला. तिसरे, उष्णता आणि हवेतील फरक. लाखेचा थर आकसला, त्याला बारीक तडे गेले, आणि आकसताना त्याने खालचा रंग आपल्याबरोबर उचलला. कागदावर वाळलेली खळ जशी कडेने वर उचलली जाते, तसा हा प्रकार. थरावर धूळ आणि काजळी बसली ती निराळीच. चौथी गोष्ट सर्वांत वाईट. जुनी लाख विरघळत नाही. जो थर लावताना बोळ्याच्या एका फेऱ्यात बसला, तो काही दशकांनी त्याच स्पिरिटाला दाद देईना.

१९५३ साली अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आला. ह्या खात्याची रासायनिक शाखा १९१७ पासूनची आहे. देहरादून हे तिचे मुख्य ठिकाण, आणि पुढे औरंगाबादलाही तिची प्रयोगशाळा झाली. येथून पुढील कथा म्हणजे आधीचा लेप काढण्याची कथा. लावावयास दोन हिवाळे पुरले, काढावयास पिढ्या लागल्या! एकदम सारी भिंत धुता येत नाही. एका कोपऱ्यात बोटभर जागा घेऊन तेथे निरनिराळी द्रावणे तपासावी लागतात. द्रावण तीव्र असेल तर लाखेबरोबर रंगही निघतो, सौम्य असेल तर काहीच निघत नाही. ठरलेल्या मिश्रणात कापसाचा बोळा भिजवावयाचा, अलगद फिरवावयाचा, बोळ्यावर लाखेचा तपकिरी डाग येतो की रंगाचा, हे पाहावयाचे आणि पुढच्या बोटभर जागेवर जावयाचे. दहाव्या लेण्यात लाख व काजळी यांच्या काळ्या थराखालून दोन हजार वर्षांपूर्वीची माणसे अशा रीतीने गेल्या काही वर्षांत पुन्हा दिसू लागली. हे काम करणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत क्वचित येतात. कोंदट लेण्यात दिव्याच्या उजेडी तासन्‌तास बसून द्रावणांची वाफ छातीत घेणे हे काम किती जोखमीचे आहे, हे कारखान्याच्या रंगखात्यात काम केलेल्या माणसाला सांगावयास नको. अशा जागी वाफ ओढून घेणारा पंखा, तोंडावर योग्य मुखवटा आणि ठरलेल्या तासांनी विश्रांती हे त्या कामाचेच भाग समजले पाहिजेत.

लाख गेली, मग तिच्या जागी काय आले? खात्याने पॉलिव्हिनिल अॅसिटेट नावाच्या कृत्रिम राळेचा पातळ थर वापरण्यास सुरुवात केली. हा थर पाण्यासारखा स्वच्छ असतो, लवकर पिवळा पडत नाही आणि द्रावणाने पुन्हा निघू शकतो. लाखेहून तो निश्चितच बरा. तथापि त्यालाही एक व्यंग आहे. सुमारे ३० अंश सेल्सियसला तो मऊ पडू लागतो. थंड देशात हा दोष जाणवत नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ३० अंश म्हणजे सकाळची हवा! मऊ पडलेला थर चिकट होतो आणि धूळ धरतो. पुढे पॅरालॉइड बी-७२ ही अॅक्रिलिक राळ जगभरच्या संग्रहालयांत पसंत केली गेली. ती वर्षानुवर्षे पिवळी पडत नाही आणि अॅसिटोनमध्ये विरघळून निघते. परंतु तीही सुमारे ४० अंशांवर मऊ होऊ लागते. सावलीत, संग्रहालयाच्या कपाटात ती उत्तम. नगरच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या धातूवर ती द्यावयाची म्हटले तर विचार करावा लागेल. उघड्यावरील काशा-पितळेसाठी म्हणूनच तिच्याच कुळातील, ६० अंशांपर्यंत टिकणारी बी-४४ ही राळ वापरतात, आणि तांब्याला गंज चढू नये म्हणून तीत बेंझोट्रायझोल हे द्रव्य मिसळतात.

परदेशांतील तज्ज्ञही अशा प्रसंगांतून सुटलेले नाहीत. १९५० नंतरच्या काळात लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसारख्या संस्थांनी ‘विद्राव्य नायलॉन’ नावाचा एक लेप उत्साहाने स्वीकारला. तो कधीही विरघळवून काढता येईल, अशी त्याची ख्याती होती आणि त्याच्या नावातच ती ग्वाही होती. १९८० च्या सुमारास असे आढळून आले की, काही वर्षांनी तो विरघळत नाही, धूळ धरतो आणि आकसतो. लाखेचाच धडा, नव्या नावाने. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९५० नंतरच्या काळात जीर्ण कागदांसाठी एक स्वस्त रीत निघाली. कागदाच्या दोन्ही बाजूंस सेल्युलोज अॅसिटेटचे पारदर्शक पान आणि वर अतिपातळ कागद ठेवून, अॅसिटोनचा बोळा हाताने फिरवावयाचा. मोठे तापयंत्र नको, वीज नको. गरीब देशाला परवडणारी ही पद्धत ‘भारतीय पद्धत’ म्हणून बाहेरही ओळखली गेली. त्या हातांचे कौतुक केलेच पाहिजे. पण आज आपल्याला हेही ठाऊक आहे की, सेल्युलोज अॅसिटेट जुने झाले की त्यातून आम्ल सुटते, शिरक्यासारखा वास येतो आणि आतल्या कागदास धोका पोहोचतो. म्हणून अभिलेखागारांचा कल आता जपानी पातळ कागद व पिठाची खळ ह्यांकडे वळला आहे, कारण खळ पाण्याने सुटते.

ह्या सर्व इतिहासातून एक साधा नियम हळूहळू तयार झाला. आज कोणत्याही देशातील संवर्धक तो पहिल्या दिवशी शिकतो. आपण जे लावतो ते उद्याच्या माणसाला काढता आले पाहिजे, आणि आपण काय लावले ते त्याच्यासाठी लिहून ठेवले पाहिजे. ह्या नियमात मला एक नम्रता दिसते. आपल्यापेक्षा पुढचा माणूस अधिक जाणता असेल, हे त्यात गृहीत धरलेले आहे. वराहमिहिराच्या कोटी वर्षांच्या अगदी उलट असे हे टोक.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अहमदनगर म्हणा किंवा आजचे अहिल्यानगर म्हणा, येथील माती धातूच्या दृष्टीने मोठी भाग्याची. १५४९ साली बुरहान निजामशहाच्या कारकिर्दीत मुहंमद बिन हसन रूमी ह्या कारागिराने याच शहरी मुलुख-ए-मैदान तोफ ओतली. सुमारे ५५ टनांची ही काशाची तोफ १६३२ साली विजापूरला गेली आणि तेथील बुरुजावर ऊन, पाऊस, वारा खात आजही उभी आहे. शतकानुशतके ती टिकली याचे श्रेय कोणत्याही डब्यातील लेपाला नाही. चांगल्या काशावर काळाच्या ओघात जो घट्ट, स्थिर असा थर आपोआप चढतो, तोच तिचे कवच आहे. असा थर उत्साहाने घासून तोफ चकचकीत करणे म्हणजे तिची कातडी सोलणे होय.

दुसरे उदाहरण श्रीरामपूर तालुक्यातील प्रवरेकाठच्या दायमाबादचे. १९७४ साली तेथील एका रहिवाशाला झाडाचे मूळ खणताना चार वस्तू सापडल्या. बैल जोडलेला रथ व त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा, साऱ्या भरीव धातूच्या, एकूण वजन ६० किलोंहून अधिक. अशा पुरलेल्या धातूचा प्रश्न तोफेहून वेगळा असतो. मातीतील क्षार धातूच्या अंगात शिरलेले असतील तर बाहेरच्या दमट हवेत त्यावर फिकट हिरवी भुकटी फुटू लागते. संवर्धक त्याला काशाचा रोग म्हणतात. क्षार आत ठेवून वरून कितीही स्वच्छ राळ चढविली, तरी लेपाखाली रोग चालूच राहतो, आणि लेपामुळे तो लवकर दिसतही नाही. आधी क्षार काढावयाचे, मग वस्तू कोरडी करावयाची, लेप सर्वांत शेवटी. लोखंडाची गोष्ट आणखी निराळी. गंजाला टॅनिनची जोड मिळाली की काळा, स्थिर थर बनतो, आणि हे टॅनिन आपल्या अकोल्याच्या डोंगरातील हिरड्यातही विपुल असते. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपले पूर्वज करीत असत, तिच्यातही हीच क्रिया घडे.

तिसरा विषय नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची पदस्पर्शाने व अभिषेकाने झीज झाली, म्हणून तिच्यावर वेळोवेळी लेप द्यावा लागला. २०२० सालीही तो दिला गेला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीस १९५५ साली वज्रलेप झाला आणि २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांना पुन्हा संवर्धन करावे लागले. येथे श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी शिरत नाही. पण इतके स्पष्ट आहे की, दूध, मध आणि लक्षावधी हात यांच्यापुढे कोणताही लेप कायमचा नसतो. झीज थांबवावयाची तर कारण थांबवावे लागते. ते अवघड असते, कारण त्यासाठी माणसांशी बोलावे लागते, त्यांची समजूत घालावी लागते. लेप कोणाशी वाद घालीत नाही, म्हणून तो सोयीचा वाटतो.

आपल्या गावोगावच्या जुन्या दगडी देवळांतही हीच सोय शोधली जाते. वर्गणी जमते, उत्सव जवळ येतो, आणि कोणीतरी सुचवितो की सगळ्या देवळाला तैलरंग किंवा चकचकीत व्हार्निश मारून टाकू. हेतू भक्तीचा असतो. पण दगड श्वास घेतो. जमिनीतून चढलेले पाणी त्याच्या छिद्रांवाटे बाहेर पडते. छिद्रे बंद झाली की पाणी मागे साठते, त्यातील मीठ दगडाच्या आत स्फटिक होऊन फुगते आणि कोरीव नाकडोळ्यांसह दगडाची खपली निघते. मग तो रंग काढण्यासाठी वाळूचा फवारा मारला की उरलीसुरली कोरीव रेषाही जाते. अशा देवळाचे खरे औषध बहुधा फार साधे असते. छपरावर उगवलेले पिंपळ वेळीच काढणे, पन्हळी मोकळ्या ठेवणे, पायथ्याशी पाणी साचू न देणे, सांधे सिमेंटऐवजी चुन्याने भरणे, आणि पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय कोणताही डबा न उघडणे.

अजिंठ्यातही आज चित्रांना जे तारते आहे, त्यात लेपाचा वाटा लहान आहे. वटवाघळे आत येऊ नयेत म्हणून बसविलेल्या जाळ्या, मंद व थंड प्रकाशाचे दिवे, एका वेळी आत सोडावयाच्या माणसांची मर्यादा, वाहने दूर फर्दापूरच्या फाट्यावर थांबविणे आणि रोज भिंतीकडे लक्ष ठेवणारा माणूस, ही खरी राखण होय. संघटनेचा माणूस म्हणून त्या शेवटच्या घटकाविषयी एक शब्द बोलतो. रोज भिंत पाहणारा माणूस कायमचा हवा. तीन महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्या माणसाला मागच्या पावसाळ्यात भेग कोठवर होती हे कसे ठाऊक असणार? ज्याला वीस वर्षे तीच भिंत सांभाळावयाची आहे त्यालाच तिची कूस कळते, आणि त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर निवृत्त होऊ नये म्हणून त्याच्या हाताखाली शिकाऊ माणूस असावा लागतो. एकदाच्या लेपासाठी पैसा मंजूर होतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. राखणदाराच्या पगाराचे उद्घाटन होत नाही, म्हणून तो पहिल्यांदा कापला जातो. ज्या गावाला आपले जुने सांभाळावयाचे आहे, त्याने हा हिशेब उलटा करावयास शिकले पाहिजे.

म्हणून माझी विनंती एवढीच. तुमच्यापैकी अनेक जण देवस्थानांच्या, वाचनालयांच्या, शाळांच्या मंडळांवर आहात. कोणाच्या घरी मोडी दप्तरे असतील, कोणाच्या वाड्यात कोरीव खांब असतील. उद्या कोणी चांगला माणूस चांगल्या हेतूने तुमच्याकडे चकाकीचा डबा घेऊन आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. हे पुन्हा निघते काय? ह्यामागे ओल आहे काय, आणि असल्यास ती कोठून येते? आणि हे लावल्यावर दरवर्षी पाहावयास कोण येणार आहे, त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार आहे? ह्या तिन्हींचे उत्तर मिळेपर्यंत डबा बंद ठेवावा. मिळाल्यावर काय लावले, केव्हा लावले, कोणी लावले हे मंडळाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. लावणाऱ्या कारागिराचे नावही लिहावे. उद्या ते काढावे लागले, तर पहिली विचारपूस त्याच्याकडेच करावी लागेल.